बुटानं पुसलेला क्रूस

जूनमधला रविवार होता. सकाळची उपासना आटोपलेली, जेवणं झालेली, नवरा पेपर तोंडावर घेऊन लवंडलेला. अशा दुपारी मी एकटीच गाडी काढते आणि गावाबाहेरच्या बेसबॉलच्या मैदानावर जाऊन बसते. नॉर्थ कॅरोलिनातलं लहानसं गाव, मायनर लीगमधली अगदी खालच्या पायरीवरची टीम, निम्मी बाकं रिकामी. मुलगा शाळेत खेळायचा तेव्हा दहा वर्षं पाण्याची बाटली आणि पोळीचे रोल घेऊन कुंपणाशी बसले. त्यानं खेळ केव्हाच सोडला, मला लागलेली सवय मात्र सुटली नाही. उन्हानं तापलेल्या पत्र्याचा, तळलेल्या कांद्याचा आणि नुकत्याच कापलेल्या गवताचा एक मिळून वास तिथं असतो. शेजारी बहुतेक वेळा एक म्हातारेबुवा असतात. मांडीवर धावफलकाची वही, कानाला पेन्सिल. आमची ओळख म्हणजे मान हलवण्यापुरती.

सातव्या इनिंगला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलला. राखीव पिचर थांबतात त्या बुलपेनचं दार उघडून एक उंच, किडकिडीत पोरगा धावत आला. लाउडस्पीकरवर त्याच्या नावापाठोपाठ डोमिनिकन रिपब्लिकमधल्या कुठल्याशा गावाचं नाव आलं. वीस वर्षांचा असेल-नसेल. त्यानं पकड घट्ट बसावी म्हणून ठेवलेली रोझिनची पिशवी उचलून तळहातावर दोनदा आपटली, पांढरी पूड उडाली. मग माउंडच्या, म्हणजे चेंडू टाकायच्या मातीच्या उंचवट्याच्या, मागच्या उतारावर तो उकिडवा बसला आणि तर्जनीनं लाल मातीत काहीतरी काढलं. मी बसले होते तिथून रेघा दिसत नव्हत्या, बोट दिसत होतं. एकदा उभं गेलं, एकदा आडवं. बोट ओठांना लावलं, छातीला लावलं, आणि तो उठला.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. पहिला बॅटर चार चुकीच्या चेंडूंवर फुकटात पहिल्या बेसला गेला. दुसऱ्यानं समोरून फटका मारला. तिसऱ्यानं जो उचलला, तो चेंडू उजवीकडच्या कुंपणावरून, गाड्यांच्या दुकानाच्या जाहिरातीवरून पार पलीकडे. तीन धावा. चौथा पुन्हा फुकटात बेसवर. मॅनेजर खाली मान घालून, अजिबात घाई न करता चालत आला, त्यानं हात पुढे केला, पोरानं चेंडू त्याच्या हातात ठेवला. आणि मग दोन पावलं उतरलेला तो पोरगा परत फिरला. माउंडच्या मागे गेला आणि डाव्या बुटाच्या टोकानं ती जागा घासून घासून पुसली.

क्रूस. बुटानं.

आमच्याकडे वहीला पाय लागला तर अजूनही हात आपोआप छातीकडे जातो. चर्चमध्ये वाढले म्हणून ती सवय काही गेली नाही, ती मातीतच असते. त्यामुळे ते बघून मला आत कुठेतरी चर्र झालं. शेजारच्या बुवांकडे पाहिलं. वहीतल्या चौकटी भरता भरता ते म्हणाले, पुढच्या माणसाला माती साफ करून द्यायची असते. बस्स. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. मला मात्र तो पाय आठवडाभर दिसत राहिला. भांडी घासताना, सिग्नलला थांबल्यावर. रागानं पुसला? लाजेनं? तू आला नाहीस, मग तुझी खूण तरी कशाला, असं?

आमचं घर नगरचं. 1813 साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी 1831 मध्ये नगरला पोचले आणि त्यांनी जी मंडळी उभी केली, तिच्यातलं. म्हणजे धर्म अमेरिकेतून आलेला आणि मी उलट्या वाटेनं अमेरिकेत आलेली. पण आमच्या आजीच्या डोळ्यांसमोर कुणी मातीत क्रूस काढला असता तर तिला ते पटलं नसतं. कपाळाला, खांद्यांना बोटं लावणं तिच्या हिशेबी ‘कॅथलिक लोकांचं’. आपल्याकडे वचन. वचन पाठ पाहिजे, अध्याय-ओवीसकट पाहिजे. बेसबॉलमध्ये ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. कॅरिबियन आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली पोरं बॅटिंगला उभी राहताना क्रूसाची खूण करतात, गळ्यातली साखळी चुंबतात, होमरन मारला की होम प्लेटवर पाय ठेवून दोन्ही बोटं आभाळाकडे. आणि टेक्सास, जॉर्जिया, अलाबामाकडची पोरं टोपीच्या आतल्या बाजूला, ग्लोव्ह्जवर, बुटांवर मार्करनं आकडे लिहितात. फिलिप्पै 4:13. यशया 40:31. आजीला हे दुसरं घराणं लगेच ओळखू आलं असतं. आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या दाराला आतून खडूनं असेच आकडे लिहिलेले असायचे.

न्यूयॉर्कच्या यँकीज टीमचा पिचर मारियानो रिवेरा, त्याच्या ग्लोव्हवर हाच फिलिप्पैचा आकडा होता. ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की शेवटच्या षटकात डोकं थंड ठेवणारा जसा एखादाच असतो, तसा तो. 652 सामने त्यानं शेवटी येऊन राखून दिले आणि 2019 साली हॉल ऑफ फेममध्ये, खेळातल्या थोरांच्या पंगतीत, गेला तेव्हा एकही मत त्याच्या विरोधात पडलं नाही. असं त्याआधी कुणाच्याही वाट्याला आलेलं नव्हतं. पनामातल्या प्वेर्तो काइमितो नावाच्या कोळीवाड्यातला. बाप मासेमारीच्या बोटीवर, पोरगाही काही काळ बोटीवर. त्याचा तो प्रसिद्ध चेंडू, जो सरळ येता येता शेवटच्या क्षणी डावखुऱ्या बॅटरच्या अंगात शिरायचा आणि बॅटीचे तुकडे करायचा, तो त्याला कुणी शिकवला नव्हता. 1997 साली एका टीममेटबरोबर नुसती फेकाफेकी करताना चेंडू आपोआप वळायला लागला. त्यानं तो सरळ करायचा प्रयत्न केला, जमेना. मग ठेवून घेतला. देवानं दिलं, असं तो साधेपणानं सांगत आलाय. बोटांची ठेवण, मनगटाची लवचीकता, शिवणीवरची पकड, हे सगळं समजावून सांगणारे पुष्कळ आहेत. पण मला त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. आपल्याकडे एखाद्याच्या गळ्यात सूर असतो तेव्हा आपण तरी काय म्हणतो?

फिलिप्पैच्या त्या ओळीबद्दल मात्र माझी जुनी तक्रार आहे. मला जो बळ देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, अशा अर्थाची ती ओळ. टोपीवर लिहिली की ती विजयाची घोषणा वाटते. तिच्या आधीची ओळ कुणी लिहीत नाही. त्यात पौल म्हणतो की उपाशी राहणं मला येतं आणि पोटभर खाणंही येतं. हे तो लिहितो कैदेत बसून. म्हणजे ते ‘सगळं’ जिंकण्याचं नाहीच मुळी, निभावून नेण्याचं आहे. आमच्या संडे स्कूलमध्ये ही दोन्ही वचनं एका दमात म्हणावी लागायची. पहिलं विसरून एकदम दुसरं म्हटलं तर बाई पुन्हा सुरुवातीला पाठवायच्या.

आणि निभावून नेणं हाच तर या खेळाचा धंदा. मोठ्या लीगमध्ये मोसमात 162 सामने. दहातल्या सात वेळा बाद होणारा बॅटर इथं थोर समजला जातो. रोज संध्याकाळी हरायचं, आंघोळ करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पँट चढवायची. खालच्या पायऱ्यांवर तर बसचे रात्रभराचे प्रवास, अनोळखी गावं, अनोळखी भाषा आणि 120 टीममधल्या हजारो पोरांपैकी वर जाणारे मूठभर. अशा ठिकाणी देव लागला नाही तरच नवल. एप्रिल ते सप्टेंबर रोज ज्याची परीक्षा आहे, तो ताईत बांधील, मोजे बदलणार नाही, रेघेवर पाय देणार नाही. यातलं श्रद्धा कुठलं आणि तोडगा कुठला, हे बाकावर बसून सांगता येत नाही. त्या खेळाडूला तरी सांगता येत असेल का, शंकाच आहे.

पण गंमत बघा, या खेळाचं आणि चर्चचं पहिलं भांडण देवावरून नव्हतं, रविवारवरून होतं.

आमच्या घरी रविवार म्हणजे रविवार. आजी शनिवारी रात्रीच भाकरी थापून फडक्यात गुंडाळून ठेवायची. माझा भाऊ चांगला बॉलर होता, गल्लीतच नाही तर तालुक्यात, पण रविवारच्या सामन्याला आजी त्याला सोडत नसे. तो भिंतीवर टेनिस बॉल आपटत बसायचा, आणि तो आवाजही तिला खपत नसे. त्यामुळे ख्रिस्टी मॅथ्यूसनबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं अंगण आठवलं. न्यूयॉर्क जायंट्सचा हा पिचर, 1905 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या अजिंक्यपदाच्या मालिकेत, त्यानं सहा दिवसांत तीन सामने टाकले आणि तिन्हींत समोरच्यांना एकही धाव दिली नाही. पण रविवारी तो चेंडू हातात घेत नसे, आईला दिलेला शब्द. ब्रँच रिकी तर खेळाडू असताना रविवारी खेळत नाही म्हणून सिनसिनाटीच्या टीमनं त्याला घरी पाठवलं होतं. आणि बिली संडे, नावातच रविवार. शिकागोच्या टीममधला वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू. गावातल्या एका मिशनच्या दारात गाणी ऐकून आत गेला आणि बदलला. 1891 मध्ये खेळ सोडून वायएमसीएत तुटपुंज्या पगारावर लागला आणि पुढे सबंध अमेरिका हलवणारा प्रचारक झाला. व्यासपीठावर तो बेस गाठल्यासारखी घसरगुंडी मारायचा. आजीला ते थिल्लर वाटलं असतं. मला बघायला आवडलं असतं.

न्यूयॉर्कनं 1919 साली रविवारच्या सामन्यांना कायद्यानं परवानगी दिली, पेनसिल्व्हेनियानं 1933 पर्यंत तग धरला, आणि मग रविवार हरला. आता रविवार दुपार म्हणजे हमखास सामना. खेळाडूंना चर्चला जाता येईना, तेव्हा चर्चच त्यांच्याकडे आलं. वॉटसन स्पोएल्स्ट्रा नावाच्या डेट्रॉइटच्या क्रीडा पत्रकारानं 1973 मध्ये बेसबॉल चॅपल सुरू केलं. तेव्हापासून मोठ्या टीमपासून आमच्या गावातल्या टीमपर्यंत, रविवारी सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं, जागा मिळेल तिथं: वजनं उचलायच्या खोलीत, सामानाच्या खोलीत, कधी खेळाडू बसतात त्या डगआउटच्या मागच्या बोळात. इंग्रजीत, आणि जिथं जमेल तिथं स्पॅनिशमध्ये. पंचांसाठी वेगळं. अशा एका खोलीत मला एकदा डोकवायला मिळालं, मुलाच्या एका जुन्या कोचच्या ओळखीनं. कोपऱ्यात हेल्मेटांचा ढीग, ओल्या टॉवेलांचा दर्प, प्लास्टिकच्या उलट्या बादल्यांवर बसलेली सात-आठ पोरं, मोजे घातलेली, बूट न घातलेली. एकाच्या खांद्याला बर्फाची पिशवी बांधलेली, तिच्यातलं पाणी कोपरावरून थेंबथेंब फरशीवर. प्रार्थना करणारा माणूस बोलत होता, आणि मला त्या थेंबांचाच आवाज ऐकू येत होता. कुणीही जिंकू दे म्हणालं नाही. एकानं आजारी भाचीचं नाव सांगितलं. एकानं व्हिसाचं काहीतरी. मग सगळे उठले आणि बूट शोधायला लागले.

या खोल्यांमधून नेहमीच चांगलं काही बाहेर पडतं असं नाही. 2005 साली वॉशिंग्टनच्या टीममधल्या एका खेळाडूनं चॅपलनला, म्हणजे टीमच्या पाळकाला, विचारलं की माझी जुनी मैत्रीण ज्यू होती, तर येशूला मानत नाहीत म्हणून त्या लोकांचा सर्वनाश ठरलेलाच का? चॅपलननं मान डोलावली. खेळाडूनं ते भाबडेपणानं पत्रकाराला सांगितलं, पेपरात आलं, गदारोळ झाला. खेळाडूला माफी मागावी लागली, चॅपलनला घरी बसावं लागलं. मला त्या मान डोलावण्याची भीती वाटते. शब्दसुद्धा नाही, नुसती मान. अशी मान डोलावणारे पाळक मी नगरलाही पाहिलेत. आपल्याच गल्लीतल्या शेजाऱ्यांबद्दल.

क्लेटन कर्शॉबद्दल माझं मन असंच दोन्हीकडे ओढलं जातं. लॉस एंजेलिसचा हा पिचर आणि त्याची बायको झांबियातल्या अनाथ मुलांसाठी कितीतरी वर्षं काम करतायत, आणि त्यात दिखावा नाही. त्याच कर्शॉनं 2025 च्या जूनमध्ये, समलिंगी लोकांच्या सन्मानाच्या रात्री, सगळ्यांना दिलेल्या इंद्रधनुष्याच्या टोपीवर उत्पत्ती 9:12-16 असं लिहिलं. नोहाच्या गोष्टीतलं इंद्रधनुष्य. म्हणजे हे रंग तुमचे नाहीत, आमच्या देवाचे आहेत, असं म्हणायचं असेल तर असेल. त्यानं फार काही बोलून दाखवलं नाही. मी घरी येऊन मराठी बायबल काढून वाचलं. तिथं तो करार नोहाशी आहे, त्याच्या वंशजांशी आहे आणि पृथ्वीवरच्या सगळ्या जिवंत प्राण्यांशी आहे. कुणी वगळलेलं मला तरी सापडलं नाही. पण टोपीवर तेवढी जागा नसते, आकडेच मावतात.

दुसरा गालही असाच, सांगायला सोपा. 1945 च्या ऑगस्टमध्ये, मोठ्या लीगमध्ये काळ्यांना जागाच नव्हती तेव्हा, त्याच ब्रँच रिकीनं, आता ब्रुकलिनच्या टीमचा प्रमुख, जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला ऑफिसात बसवून विचारलं होतं की शिव्या खाशील, अंगावर येतील, उलटून मारणार नाहीस ना? दोघेही मेथडिस्ट. डोंगरावरच्या प्रवचनाचा आधार दोघांनाही माहीत. रॉबिन्सननं शब्द दिला आणि पाळला. रोज रात्री पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करायचा. 15 एप्रिल 1947 ला तो मोठ्या लीगमध्ये पहिल्यांदा उतरला, ती गोष्ट इथं शाळेत शिकवतात, मुलगा घरी येऊन ती मोठ्या उत्साहानं सांगायचा. मी ऐकायचे आणि मला माझे आजोबा आठवायचे, जे ज्या वाड्याच्या दारातून बाप्तिस्म्याआधी आत जाऊ शकत नव्हते, त्याच्या दारातून बाप्तिस्म्यानंतरही जाऊ शकले नाहीत. दुसरा गाल पुढे कर, हे नेहमी आधीच एक खाल्लेल्यालाच का सांगतात? रिकीनं जे केलं ते तेव्हा दुसऱ्या कुणी केलं नाही, हे मला कबूल आहे. तरी तो प्रश्न घशात राहतोच.

आता ज्याच्याबद्दल लिहायला खरं तर बसले, ते.

रविवारच्या त्या पोरानं माती पुसली आणि मला डेव्ह ड्रावेकी आठवला. सॅन फ्रान्सिस्कोचा डावखुरा पिचर, कट्टर ख्रिस्ती. चेंडू टाकायच्या हातात, दंडात, गाठ निघाली. 1988 च्या ऑक्टोबरमध्ये खांद्याच्या स्नायूचा मोठा भाग कापून काढला. पुन्हा खेळणं म्हणजे चमत्कारच, असं सगळ्यांनी धरलं. दहा महिन्यांनी, 10 ऑगस्ट 1989 ला, तो माउंडवर उभा राहिला आणि सिनसिनाटीविरुद्ध सामना जिंकला. लोक उभे राहून रडत होते म्हणतात. देवाचे आभार मानले गेले, आणि मानायलाच हवे होते. पाच दिवसांनी माँट्रियलला सहाव्या इनिंगला त्यानं चेंडू सोडला आणि दंडाचं हाड मोडलं. कडकन आवाज झाला, तो मैदानभर ऐकू गेला. तो माउंडवरून लोळत खाली आला. ऑक्टोबरमध्ये त्याच्या टीमनं लीग जिंकली तेव्हा जल्लोषाच्या गर्दीत तोच हात पुन्हा मोडला. गाठ परत आली. 1991 च्या जूनमध्ये हात खांद्यासकट काढावा लागला.

मग 10 ऑगस्टला मानलेल्या आभारांचं काय करायचं? परत घ्यायचे?

ड्रावेकीनं परत घेतले नाहीत. तो खचला, निराशेत गेला, आणि ते त्यानं लपवलं नाही. पुढे नवरा-बायकोनं मिळून दुखण्यात सापडलेल्या माणसांना धीर देण्याचं काम केलं. मला त्या कामापेक्षाही त्यानं खचल्याचं सांगितलं, याचं जास्त वाटतं. मंडळीत साक्ष द्यायला उभे राहणारे बहुतेक लोक मधलं पान गाळतात. आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो. मध्ये रात्री असतात, त्या कुणी सांगत नाही.

आणि रिवेरा. 4 नोव्हेंबर 2001, ॲरिझोना, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. न्यूयॉर्कमधले मनोरे पडून दोन महिनेही झाले नव्हते. सगळा देश यँकीजच्या बाजूनं, आणि शेवटच्या इनिंगला एका धावेची आघाडी रिवेराच्या हातात. तिथं तो हरला. स्वतःच चेंडू चुकीचा फेकला, मग एक फटका, मग ल्युइस गोन्झालेझचा तो अर्धवट लागलेला चेंडू आत सरकलेल्या खेळाडूंच्या डोक्यावरून हलकेच गवतात पडला. संपलं. यँकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कला मिरवणूक निघाली असती आणि त्यांचा एक खेळाडू, एन्रिके विल्सन, ती आटपून 12 नोव्हेंबरच्या विमानानं सांतो दोमिंगोला जाणार होता. मिरवणूक झालीच नाही, तो आधीच घरी निघून गेला. 12 तारखेचं ते विमान उड्डाणानंतर लगेच क्वीन्समध्ये कोसळलं. आतले 260 आणि जमिनीवरचे 5, सगळे गेले. नंतर रिवेरा म्हणाला की आम्ही हरलो ते बरं झालं, माझा मित्र राहिला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, आणि बाकीचे 265? त्यांच्यासाठी कुणी कुठला सामना हरायला हवा होता? बहुतेक प्रवासी डोमिनिकनच होते, सुटीला घरी निघालेले. त्यांच्या घरीही भिंतीवर क्रूस असणारच, निघताना आयांनी कपाळावर बोट फिरवलेलंच असणार. रिवेराला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. मित्र वाचल्यावर माणूस हिशेब करत नाही, एवढंच. मीही केला नसता.

मी केला नव्हता.

मी दहा वर्षांची असताना पप्पांना पोटाच्या दुखण्यानं दवाखान्यात ठेवलं होतं. जनरल वॉर्ड, हिरव्या रंगाच्या अर्ध्या भिंती, फिनेलचा वास. आजीनं पहिल्याच दिवशी खाटेच्या लोखंडी दांडीला सुतळीनं वचनाचं एक कार्ड बांधलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जांभळी अक्षरं, कडेला द्राक्षांचा वेल. शेजारच्या खाटेवर पप्पांच्याच वयाचा एक माणूस होता, पाथर्डीकडचा. त्याची बायको दिवसभर खाटेखाली सतरंजीवर बसलेली. तिच्या नवऱ्याच्या उशाशी कुठल्याशा देवीचा अंगारा, कागदाच्या पुडीत. आजी आणि ती बाई एकाच थर्मासमधला चहा प्यायच्या. आजी तिला ‘लेकी’ म्हणायची. रात्री आजी डोळे मिटून प्रार्थना करायची तेव्हा तीही हात जोडून बसायची, आणि आजी पप्पांच्या नावापाठोपाठ तिच्या नवऱ्याचंही नाव घ्यायची. मला ते मुळीच आवडायचं नाही. प्रार्थना निम्मी होईल असं वाटायचं.

अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, पप्पांना उद्या घरी न्या. त्याच दुपारी शेजारच्या खाटेभोवती पडदा लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ती बाई अजून तिथंच होती, कागदपत्रांसाठी थांबलेली, रिकाम्या खाटेच्या कडेला, पुडी हातात घट्ट धरून. मी आनंदात होते. पप्पांची चप्पल, डबा, चादरी गोळा करत होते. आजीनं मात्र बाकी कशाला हात न लावता आधी दांडीची सुतळी सोडवली. गाठ सुटेना, नखानं उकलत राहिली. कार्ड निघालं तसं अक्षरं आतल्या बाजूला करून कमरेच्या पिशवीत घातलं. मग त्या बाईजवळ जाऊन बसली. काही बोलली नाही. थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून तिच्या हातात दिला.

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी उपकारस्तुतीसाठी कोण उभं राहणार असं विचारलं. सगळ्यांनी आजीकडे बघितलं. आजी बसून राहिली. घरी येताना मी टांग्यात विचारलं, का गं उभी राहिली नाहीस? ती म्हणाली, “त्याला ठाव हाय की.” एवढंच. दानपेटीत तिनं पैसे टाकले होते, ते मी पाहिलं होतं. ते कार्ड पुन्हा कधी भिंतीवर लागलं नाही. ती गेल्यावर पिशवीत सापडलं, सुतळीसकट.

ऑगस्टमध्ये पुन्हा मैदानावर जायला लागले. खोटं कशाला बोलू, त्या पोरासाठीच गेले. दोन रविवार तो आलाच नाही. तिसऱ्या रविवारी, आठव्या इनिंगला, बुलपेनचं दार उघडलं आणि तोच उंच, किडकिडीत पोरगा धावत आला. रोझिनची पिशवी, पांढरी पूड. मग मागच्या उतारावर उकिडवा, बोट एकदा उभं, एकदा आडवं, ओठ, छाती. मी बाकाची कड धरून बसले होते. पहिला बॅटर तीन चेंडूंत बाद. दुसऱ्यानं जमिनीवरून सरपटता चेंडू मारला, तो सरळ पहिल्या बेसवरच्याच्या ग्लोव्हमध्ये. तिसऱ्यानं बॅट फिरवली ती नुसत्या हवेत. सगळे मिळून अकरा चेंडू. लोक ओरडले, कॅचरनं मूठ दाखवली, पोरगा हसला. पहिल्यांदाच दात दिसले त्याचे, पुढच्या दोन दातांत फट आहे. डगआउटकडे दोन पावलं चालला.

मग परत फिरला. माउंडच्या मागे जाऊन डाव्या बुटाच्या टोकानं ती जागा सावकाश घासली, अगदी सपाट होईपर्यंत, आणि पळत खाली गेला.

शेजारच्या बुवांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत तीन बारीक खुणा केल्या आणि माझ्याकडे शेंगदाण्यांची पुडी सरकवली.